व्यक्तिमत्त्व विकारांसाठी सीबीटी: थेरपिस्टचं प्रशिक्षण कसं आखावं?

तिसरी_खुर्ची (धागाकर्ती)

नैराश्य आणि चिंतेसाठी सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी थेरपी) नीट करणारे आठ थेरपिस्ट आहेत. त्यातले सहा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि दोन समुपदेशक. त्यांना व्यक्तिमत्त्व विकारांवर काम करण्यासाठी तयार करायचं आहे. कच्चा आराखडा असा: सलग तीन दिवसांची कार्यशाळा. पहिल्या दिवशी दहाही विकारांची ओळख, दुसऱ्या दिवशी मूळ धारणा आणि स्कीमा (लहानपणापासून घट्ट बसलेले मनाचे साचे), तिसऱ्या दिवशी तंत्रं. त्यानंतर महिन्यातून एकदा केसचर्चा. सेशन्स बहुतेक मराठीत होणार.

माझे प्रश्न: तीन दिवस पुरतील का? केसचर्चेत नेमकं काय करायचं? समुपदेशकांना यात घ्यावं का? आणि मराठीत काम करताना कुठे अडतं? शिकवण्याचा अनुभव असलेल्यांनी तपशिलात लिहावं ही विनंती. तत्त्वं पुस्तकात मिळतात, मला घड्याळ आणि कॅलेंडर हवं आहे.

घाटवाट

आराखड्यातला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे ती महिन्यातून एकदाची केसचर्चा. तीन दिवसांचे सहा दिवस केले तरी तो दुवा कच्चाच राहणार.

दोन अभ्यास इथे कामाचे आहेत. २००५ मध्ये व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या ७८ जणांना सीबीटी तीन प्रकारे शिकवली: नुसतं मॅन्युअल, मॅन्युअल आणि वेबसाइट, आणि मॅन्युअल, कार्यशाळा व त्यानंतर सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टची देखरेख). प्रत्यक्ष करून दाखवण्याच्या कसोटीवर तिसरा गट पुढे राहिला. विषय व्यसनाचा होता, पण शिकणारे तुमच्या लोकांसारखेच नोकरी सांभाळून शिकणारे होते.

दुसरा अभ्यास थेट आपल्या विषयातला. नेदरलँड्समध्ये ३२३ रुग्णांवर झालेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. अव्हॉयडंट (नकाराच्या भीतीनं टाळणारे), डिपेंडंट (परावलंबी), ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह (अतिकाटेकोर) यांच्या जोडीला पॅरानॉइड (संशयी), हिस्ट्रिऑनिक (लक्ष वेधून घेणारे) आणि नार्सिसिस्टिक (आत्ममग्न) व्यक्तिमत्त्व विकार असलेले रुग्ण, आणि ५० सेशन्सची स्कीमा थेरपी. त्यात थेरपिस्टच्या दोन तुकड्या होत्या. पहिलीला मुख्यतः व्याख्यानांतून शिकवलं, दुसरीकडून भरपूर सराव करून घेतला. थेरपी तीच, मॅन्युअल तेच, पण दुसऱ्या तुकडीच्या रुग्णांना जास्त फायदा झाला. तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या नव्हत्या, एकामागून एक आल्या होत्या, त्यामुळे हा निर्णायक पुरावा नाही. पण प्रशिक्षणाचा पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवायला मला तो पुरेसा वाटतो.

म्हणून पहिला दिवस दहा विकारांच्या ओळखीवर घालवू नका. ते सगळं घरी वाचून यायला सांगा आणि खोलीतला वेळ सरावाला ठेवा.

चाफेकळी

घाटवाट यांच्याशी सहमत. त्याच्याही आधीची एक पायरी सुचवते. प्रत्येकाकडून नैराश्याच्या किंवा चिंतेच्या क्लायंटबरोबरच्या एका पूर्ण सेशनचं रेकॉर्डिंग मागवा आणि सीटीएस-आर या सीबीटीचं कौशल्य मोजणाऱ्या पट्टीवर गुण द्या. त्यात १२ मुद्दे, प्रत्येकी ० ते ६, एकूण ७२, आणि ३६ ही साधारण सक्षमतेची रेषा धरतात. जो ३६ च्या खाली आहे त्याला थेट व्यक्तिमत्त्व विकारांकडे नेऊ नका. अजेंडा न ठरवणारा, गृहपाठ शेवटच्या दोन मिनिटांत कोंबणारा थेरपिस्ट बॉर्डरलाइन (भावना आणि नाती टोकाची अस्थिर असलेल्या) क्लायंटपुढे बसला की सेशनची सूत्रं दहा मिनिटांत हातातून जातात.

बेरजेपेक्षा सुटे गुण बघा. नेहमीच्या सीबीटीत ज्यांचे 'आपसातलं नातं' आणि 'भावना बाहेर येऊ देणं' या मुद्द्यांचे गुण कमी असतात, तेच इथे सगळ्यात जास्त अडखळतात. त्यांची तंत्रं चांगली असतात, म्हणून एरवी कुणाच्या लक्षात येत नाही.

मुक्काम_मिरज

निदानावर थोडक्यात. दहा खोक्यांचं पाठांतर करून घेऊ नका. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत ती खोकी राहिलेली नाहीत. आधी तीव्रता ठरवायची: सौम्य, मध्यम, तीव्र. मग पाच गुणविशेष: नकारात्मक भावनांकडे कल, अलिप्तता, समाजविघातकता, उतावळेपणा आणि अतिकाटेकोरपणा. बॉर्डरलाइन नमुना तेवढा वेगळा नोंदवता येतो. डीएसएम-५ या अमेरिकी निदानसूचीत मात्र दहा विकार आणि तीन गट कायम आहेत. प्रशिक्षणार्थींना दोन्ही वाचता यायला हवं, कारण संशोधन बहुतेक जुन्या नावांनी झालंय.

चुका होतात त्या नेहमीच्याच. नैराश्याच्या ऐन भरात असलेल्या माणसाचं व्यक्तिमत्त्व मोजणं. बायपोलर किंवा एडीएचडी तपासायचं राहून जाणं. दारू चालू असताना निष्कर्ष काढणं. आणि एकत्र कुटुंबात वाढलेली सून प्रत्येक निर्णय सासूला विचारते म्हणून तिला डिपेंडंट ठरवणं. निदानाची व्याख्याच सांगते की वर्तन त्या माणसाच्या संस्कृतीच्या अपेक्षेपेक्षा ठळकपणे वेगळं हवं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: 'ठरवायची मोकळीक मिळाली तेव्हा काय झालं?' मोकळीक कधीच मिळाली नसेल तर तो विकार नाही, ती परिस्थिती आहे.

तिसरी_खुर्ची

पटलं. पहिल्या दिवसाची व्याख्यानं काढून टाकते. मग सराव नेमका कसा घ्यायचा? बहुतेक ठिकाणी रोल प्ले म्हणजे वीस मिनिटं अभिनय आणि नंतर 'छान झालं'.

घाटवाट

वीस मिनिटांचा रोल प्ले हीच चूक. इतक्या लांब खेळात शिकण्यासारखे क्षण तीन-चार असतात आणि ते वाहून जातात. आमची पद्धत सांगतो.

तिघांचा गट: थेरपिस्ट, क्लायंट, निरीक्षक. खेळ ७ मिनिटं, थांबा ३ मिनिटं, मग तोच क्षण पुन्हा. असं तीनदा. म्हणजे एका माणसाला अर्धा तास, तिघांना दीड तास. निरीक्षकानं मत द्यायचं नाही, थेरपिस्टची वाक्यं जशीच्या तशी लिहायची. थांबल्यावर ती वाचून दाखवायची. 'तुझं बोलणं जरा बचावात्मक वाटलं' यातून कुणी शिकत नाही. 'तू म्हणालास, अहो पण मी तर तसं म्हटलंच नव्हतं' हे वाक्य कानावर पडलं की बोलणाऱ्याला स्वतःलाच कळतं. क्लायंट होणाऱ्यानं दर फेरीला तीव्रता वाढवायची: आधी नाराज, मग टोचून बोलणारा, मग उठून जायला निघालेला.

एक प्रसंग देतो, तो पहिल्याच दिवशी घ्या. क्लायंट सलग तिसऱ्यांदा २५ मिनिटं उशिरा आलाय. बसता बसता म्हणतो, 'तुम्हाला माझ्यासारखे लोक नकोच असतात. दिसतंय मला.'

नवखे तीन प्रकारे चुकतात. पहिला समजूत घालतो: 'अहो, असं मुळीच नाही, तुम्ही आलात की मला बरंच वाटतं.' क्लायंटला ते खोटं वाटतं, आणि पुढच्या वेळी तीच खात्री पुन्हा मागून घ्यायची सवय लागते. दुसरा लगेच विचारतो: 'याला पुरावा काय?' नैराश्यात चालणारा प्रश्न इथे उलटतपासणी होतो, कारण ज्याच्याबद्दल तक्रार आहे तोच न्यायाधीश होऊन बसलाय. तिसरा अर्थ लावतो: 'तुम्हाला वडिलांची आठवण होतेय का?' कदाचित ते खरंही असेल, पण आत्ता ते ऐकून घ्यायला समोर कुणी तयार नाही.

चालतं ते असं. आधी थांबायचं, अजेंडा बाजूला ठेवायचा. 'हे महत्त्वाचं आहे, आधी हेच बोलू. आत्ता आत आल्यावर काय दिसलं तुम्हाला?' तो म्हणतो, 'तुम्ही घड्याळ बघितलंत.' आता खरं असेल ते कबूल करायचं: 'हो, बघितलं. किती वेळ उरलाय ते बघत होतो. थोडा वैतागही आला होता, कारण ठरवलेलं काम आज पुन्हा राहणार.' मग: 'ते बघून तुमच्या मनात काय अर्थ लागला?' नकोसेपणाची धारणा इथे ताजी, गरम असते. ती फळ्यावर लिहायची. मग विचारायचं, 'कुणी वैतागलं की त्याला मी नकोच आहे, असं आणखी कुठे वाटतं?' तिथून घर, ऑफिस, लग्न सगळीकडे जाता येतं. उशिराचा मुद्दा सोडायचा नाही, पण तो याच्यानंतर.

या एका प्रसंगावर मी अर्धा दिवस देईन. 'थोडा वैताग आला होता' हे वाक्य सरळ आवाजात म्हणता येणं, हे अर्ध्या प्रशिक्षणार्थींना तिसऱ्या फेरीपर्यंत जमत नाही.

रानवारा

एक शंका. वैताग कबूल करणं बॉर्डरलाइन क्लायंटसमोर धोक्याचं नाही का? 'थेरपिस्ट माझ्यावर चिडला' म्हणून तो रात्री स्वतःला इजा करून घेईल.

घाटवाट

रास्त शंका. म्हणूनच त्याला तीन अटी. भावना सौम्य असायला हवी: राग अनावर झाला असेल तर तो सुपरव्हिजनमध्ये न्यायचा. कारण कृतीशी जोडायचं, माणसाशी नाही. आणि वाक्य तिथेच तोडायचं नाही, लगेच अर्थ विचारायचा. यातलं काही जमणार नसेल तर नुसतं 'हो, घड्याळ बघितलं' एवढंच पुरे. नाकारायचं मात्र नाही. ज्या माणसाचं आयुष्य इतरांच्या चेहऱ्यावरच्या बारीक छटा वाचण्यात गेलंय, त्याला 'तुम्हाला भास झाला' असं सांगितलं की नातं तिथेच संपतं.

नदीकाठ

स्वतःला इजा करण्याचा विषय निघालाच आहे, तर सुरक्षा हा भाग पहिल्या क्लायंटच्या आधी शिकवून व्हायला हवा. तुमच्या आराखड्यात तो कुठेच नाही.

मार्शा लिनहान यांनी बॉर्डरलाइनसाठी रचलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) मधून तीन गोष्टी उचला, पूर्ण डीबीटी करत नसलात तरी. पहिली, प्राधान्यक्रम: सेशनमध्ये आधी जिवाला धोका असलेलं वर्तन, मग थेरपीत अडथळा आणणारं वर्तन, मग बाकीचं आयुष्य. दुसरी, रोजचं नोंदकार्ड: इजेची इच्छा ० ते ५, प्रत्यक्ष कृती, दारू, झोप. सेशनची पहिली ३ मिनिटं कार्ड वाचण्यात. कार्ड न पाहता 'कसा गेला आठवडा' विचारलं की मंगळवारी घडलेली इजा गुरुवारच्या भांडणाखाली दबते. तिसरी, साखळी विश्लेषण: कुठल्या मिनिटाला काय झालं, दुवा दुवा जोडत. प्रशिक्षणार्थी 'नवऱ्याशी भांडण झालं आणि ब्लेड घेतलं' इथे थांबतात. त्या दोन घटनांच्या मध्ये कमीत कमी आठ-दहा दुवे मिळायला हवेत: फोन कट झाला, पोटात खड्डा पडला, 'हा आता सोडून जाणार' असा विचार, सात वेळा फोन लावला, आंघोळीला गेली, कडी लावली. बदल करायची जागा बहुतेक वेळा त्या सातव्या फोनच्या आसपास सापडते.

सुरक्षा योजना एका कागदावर, क्लायंटच्या हस्ताक्षरात, सहा टप्प्यांची: धोक्याच्या खुणा, स्वतःहून करता येणाऱ्या गोष्टी, लक्ष दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी घरची माणसं, व्यावसायिक मदत, आणि साधनं दूर ठेवणं. व्यावसायिक मदतीत मनोविकारतज्ज्ञ, जवळचं रुग्णालय आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक. सहावा टप्पा गुळमुळीत राहतो. 'गोळ्या दूर ठेवा' असं लिहू नका. गोळ्या कुणाकडे, किती दिवसांच्या, कुठल्या कपाटात हे लिहा. शेतकरी कुटुंब असेल तर फवारणीचं औषध कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे हे विचारल्याशिवाय योजना पूर्ण धरू नका.

चाफेकळी

यालाच जोडून, व्हॉट्सअ‍ॅप. आपल्याकडे क्लायंट फोनपेक्षा मेसेज करतो, आणि रात्री दीडला करतो. पहिल्या दोन सेशन्समध्ये लेखी ठरवा: मेसेज कशासाठी (वेळ बदलणं, शिकलेलं कौशल्य वापरताना अडलं तर), किती वाजेपर्यंत, उत्तर किती वेळात, आणि संकटात काय. डीबीटीत एक नियम आहे: स्वतःला इजा केल्यानंतर २४ तास ठरलेल्या भेटीशिवाय थेरपिस्टशी संपर्क नाही, जिवाला धोका असेल तर अर्थातच अपवाद. मुद्दा असा की इजा करण्याआधी फोन केला तर थेरपिस्ट भेटतो, नंतर नाही. हा नियम शिक्षेच्या सुरात सांगितला तर उलटा परिणाम होतो. तो सांगायचा सराव आधी रोल प्लेमध्ये करून घ्या.

नवख्यांचं ठरलेलं चुकतं ते असं: पहिले दोन महिने प्रत्येक मेसेजला पाच मिनिटांत उत्तर, तिसऱ्या महिन्यात दमून अचानक शांतता. क्लायंटच्या दृष्टीनं ते टाकून देणंच झालं.

तिसरी_खुर्ची

हे सगळं सुरक्षेचं अर्ध्या दिवसात बसेल का? आणि केसची मांडणी कशी शिकवायची, त्यावर कुणी लिहील का?

नदीकाठ

अर्धा दिवस नाही, पूर्ण दिवस. मांडणीचं 'अंगण' यांनी लिहावं.

अंगण

सीबीटीचे जनक आरन बेक यांच्या मांडणीत तीन थर असतात: मूळ धारणा, त्यावर उभी अट आणि त्या अटीला धरून रचलेली वागण्याची रीत. कागदावर सगळ्यांना भरता येतं. तरीही मांडण्या पोकळ निघतात, त्याची कारणं सांगतो.

मूळ धारणा पुस्तकी शब्दात लिहिली जाते. 'मी प्रेमास अपात्र आहे' असं मराठीत कुणीही स्वतःबद्दल म्हणत नाही. लोक म्हणतात, 'मी कुणालाच नकोय', 'मी घरात अडगळ आहे', 'माझ्यात काहीतरी खोट आहे', 'मी बिनकामाचा'. क्लायंटचा शब्द मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवा. सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकोशी' नाव लावणाऱ्या २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली गेली. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना हे नाव द्यायची रीत होती. ही धारणा आपल्याकडे कधीकधी शाळेच्या हजेरीपटावर लिहिलेली असते, एवढं लक्षात ठेवून शब्द निवडावेत.

दुसरं, एकाच प्रसंगावर मांडणी उभी राहते. कमीत कमी तीन वेगवेगळे प्रसंग हवेत, एक घरचा, एक कामाचा आणि एक थेरपीच्या खोलीतला. तिन्हींच्या तळाशी तोच अर्थ निघाला तरच ती मूळ धारणा.

तिसरं, वागण्याची रीत नुसती 'चूक' म्हणून लिहिली जाते. ती कधीतरी उपयोगी पडलेली असते. दारू पिऊन घरी येणाऱ्या बापाच्या पावलांचा आवाज ओळखून गप्प बसणारं पोर शहाणंच होतं. तीच रीत पस्तिसाव्या वर्षी बॉससमोर वापरली की बढती जाते. मांडणी क्लायंटला दाखवताना हा भाग आधी सांगायचा, नाहीतर त्याला आरोपपत्र वाचल्यासारखं वाटतं.

मांडणी बरोबर आहे का याची माझी कसोटी: निदानाचं नाव झाकायचं आणि प्रशिक्षणार्थीला विचारायचं, 'हा माणूस गृहपाठ न करता आला तर आत शिरताना काय बोलेल?' अव्हॉयडंट माणूस भेटच रद्द करेल. डिपेंडंट माफी मागून तुम्हालाच तो भरून द्यायला सांगेल. ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह म्हणेल, तक्ता नीट झाला नाही म्हणून आणला नाही. त्याला पुढचा गृहपाठ 'मुद्दाम अर्धवट भरून आणा' असाच द्यायचा. नार्सिसिस्टिक तक्त्यातली चूक दाखवेल. ज्याला मांडणीवरून हा अंदाज बांधता येत नाही, त्याची मांडणी अजून झालेली नाही.

मुक्काम_मिरज

अंगण, उत्तम. मापनासाठी बेक गटाची व्यक्तिमत्त्व धारणा प्रश्नावली १२६ विधानांची आहे, लघुरूप ६५ चं. प्रशिक्षणात लघुरूप पुरे. गुणांपेक्षा ज्या विधानांवर क्लायंट पेन थांबवतो ती विचारा.

अंगण

मूळ धारणा बदलण्याच्या तंत्रांपैकी दोनच पहिल्या वर्षी पक्की करून घ्या: सलग पट्टी आणि नोंदवही.

सलग पट्टीत 'चांगली आई' किंवा 'लायक माणूस' ही कल्पना ० ते १०० वर मांडायची. चूक अशी होते की प्रशिक्षणार्थी थेट क्लायंटला स्वतःची जागा विचारतो. तो सांगतो, ५. मग वाद. आधी दोन्ही टोकांची व्याख्या करून घ्या, मग ओळखीतली सात-आठ माणसं पट्टीवर बसवा, आणि शेवटी त्याला स्वतःला. शून्यावर कोण बसतं हे ठरवतानाच आकडा हलायला लागतो.

नोंदवहीत नव्या धारणेच्या बाजूची रोज एक बारीक घटना. 'शेजारच्या काकूंनी डबा परत देताना आत लाडू ठेवले' एवढी बारीक. पहिले महिनाभर पान कोरं येतं, कारण जुनी धारणा असल्या घटना गाळून टाकते. म्हणून थेरपिस्टनं स्वतःच्या वहीत सेशनमधल्या अशा घटना टिपायच्या आणि शेवटी वाचून दाखवायच्या. नवी धारणा झगमगीत नको. 'मी सगळ्यांना आवडते' यावर विश्वास ० टक्के बसतो. 'काही माणसांना मी हवी असते' यावर ५ ते १० टक्के, आणि तेवढं सुरुवातीला पुरतं. ही वही सहा महिने चालवायची असते. सहा आठवड्यांत गुंडाळली तर क्लायंटच्या लेखी एकच गोष्ट सिद्ध होते, की त्याच्या बाजूनं लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

रानवारा

आणि कल्पनाचित्रं बदलण्याचं तंत्र? लहानपणीच्या आठवणीत शिरून तिचा शेवट बदलणारं. स्कीमा थेरपीत तर तोच गाभा आहे.

घाटवाट

गाभा आहे, आणि पहिल्या तीन महिन्यांत क्लायंटवर नको. एकमेकांवर, मध्यम दुखऱ्या आठवणीवर, सराव करा. जमायला लागलं की पुढे प्रशिक्षणाचं दुसरं सत्र घेऊन मग क्लायंटसोबत. चुका ठरलेल्या आहेत: उशिरा सुरुवात करणं, आघाताचं टोक गाठेपर्यंत आठवण चालू ठेवणं, आणि मग सावरायला वेळच न उरणं. पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये पंधराव्या मिनिटाच्या आत डोळे मिटलेले हवेत आणि पस्तिसाव्या मिनिटाला उघडलेले. थेरपिस्टनं चित्रात शिरायचं ते वार होण्याच्या आधी, नंतर नाही. 'हात उगारलाय' एवढं ऐकलं की: 'थांबव ते चित्र. आता मी तिथे येतेय. तुझ्या आणि त्यांच्या मध्ये उभी आहे.'

चाफेकळी

या वाक्यावरून मराठीचा मुद्दा. एरवी तुम्ही क्लायंटला 'तुम्ही' म्हणता. चित्रातल्या सहा वर्षांच्या मुलाला 'तुम्ही घाबरू नका' म्हटलं की सगळं विरतं. आधीच परवानगी घ्या: 'तिथल्या छोट्याशी मी तू म्हणून बोलेन, चालेल?' आणि घरात काय हाक मारायचे तेही विचारा: बाळ्या, छकुली, जे असेल ते. बाहेर येताना मुद्दाम 'तुम्ही'वर परत या. सर्वनाम बदललं की माणूस आजच्या वयात परततो, भाषेनं आपल्याला दिलेली ही सोयच आहे.

दुसरा अडथळा 'टेन्शन'. क्लायंट म्हणतो टेन्शन आलं, प्रशिक्षणार्थी तक्त्यात भावना म्हणून तेच लिहितो. त्यात भीती, लाज, राग, अपराधीपणा सगळं दडलेलं असतं. शब्दांची एक पट्टी करून खोलीत लावा: हिरमुसणं, चिडचिड, धुसफूस, राग, संताप, ओशाळणं, लाज, शरम, हुरहूर, धाकधूक, धसका, घुसमट, पोकळी. 'टेन्शन म्हणजे यातलं कुठलं?' असं विचारून बोट ठेवायला सांगा. बॉर्डरलाइन क्लायंटला धुसफूस आणि संताप यांतला फरक वेळेत ओळखता येणं, हेच कौशल्य.

तिसरी_खुर्ची

आता कॅलेंडर असं करतेय: आधी रेकॉर्डिंग आणि गुण. मग चार दिवसांचं पहिलं सत्र (एक दिवस सुरक्षा, एक दिवस मांडणी, दोन दिवस नात्यातले क्षण आणि धारणा). मग प्रत्येकी दोन क्लायंट. तीन महिन्यांनी तीन दिवसांचं दुसरं सत्र. चौघांचे दोन सुपरव्हिजन गट, दर पंधरवड्याला दोन तास. प्रत्येकाला अर्धा तास. बरोबर आहे?

नदीकाठ

अर्धा तास प्रत्येकाला दिलात तर चौघेही केस सांगतील आणि टेप कुणीच ऐकवणार नाही. एका बैठकीत दोघांनाच घ्या, प्रत्येकी ५० मिनिटं. उरलेली २० मिनिटं: कुणाच्या क्लायंटला सध्या धोका आहे, याचा झटपट आढावा. तो सगळ्यांचा, आणि सर्वांत आधी.

पन्नास मिनिटांत काय: ५ मिनिटं मांडणी आणि एकच प्रश्न, १० मिनिटांची क्लिप, मग तोच क्षण उभं राहून पुन्हा करून दाखवायचा. नुसती चर्चा नको. क्लिप एक प्रशिक्षणार्थीनं निवडायची, पुढच्या खेपेला सुपरव्हायझरनं कुठूनही. माणूस स्वतः निवडतो तेव्हा एक तर कौतुकाची जागा आणतो नाहीतर आपत्तीची. खरी घसरण मधल्या कंटाळवाण्या दहा मिनिटांत असते, जिथे अवघड विषय आला म्हणून दोघंही गप्पांकडे वळलेत.

रेकॉर्डिंगसाठी लेखी संमती वेगळी घ्या, कधीही काढून घेता येईल असं लिहा, आणि नकार दिला तरी थेरपी मिळणार हेही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाचा गोपनीयतेचा हक्क स्पष्ट आहे. टेप मोबाइलवर नको. नेटला न जोडलेला रेकॉर्डर, पासवर्डची फाइल, आणि सुपरव्हिजन झालं की खोडून टाकायची तारीख.

मुक्काम_मिरज

समुपदेशकांचा प्रश्न मागे राहिला. त्यांना बाहेर ठेवू नका, पण मध्यम-तीव्र केसची एकट्याची जबाबदारीही देऊ नका. डीबीटीच्या कौशल्य गटात सहचालक म्हणून ते उत्तम काम करतात. आठवड्याला दोन ते अडीच तास, सजगता, दुःख सोसणं, भावना सांभाळणं, नाती सांभाळणं हे चार विषय, २४ आठवड्यांत एक फेरी. गटात एकजण शिकवतो, दुसरा खोली सांभाळतो. रडून बाहेर गेलेल्याच्या मागे जायला दुसरा माणूस लागतोच. प्रत्येक केसला मनोविकारतज्ज्ञ जोडलेला असावा.

रानवारा

आणि क्लायंटची निवड? दोन्ही तीव्र देऊ नका ना.

अंगण

एक अव्हॉयडंट किंवा ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह, आणि एक बॉर्डरलाइन, गेल्या काही महिन्यांत रुग्णालयात दाखल व्हावं न लागलेला. अव्हॉयडंटला सोपं समजू नका. तो सगळ्याला हो म्हणतो, गृहपाठ आणतो, आणि सहा महिन्यांनी कळतं की एकही खरी गोष्ट बोललेली नाही. दोन प्रकार एकदम असले की प्रशिक्षणार्थीला स्वतःच्या धारणाही दिसतात. एकापुढे 'मी किती चांगला थेरपिस्ट', दुसऱ्यापुढे 'मी निरुपयोगी'. त्याचा विचार-तक्ता त्यानं स्वतःसाठी भरावा, महिन्यातून एक.

तिसरी_खुर्ची

शेवटचं. सेशन्स किती धरायची? आणि वर्षभराचं सुपरव्हिजन पुरेल?

घाटवाट

केट डेव्हिडसन यांच्या ब्रिटनमधल्या बॉर्डरलाइन चाचणीत, १०६ रुग्ण, वर्षभरात ३० पर्यंत सेशन्स ठेवली होती, आणि रुग्ण सरासरी १६ लाच आले. त्याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की कुशल थेरपिस्टकडून भरपूर सेशन्स मिळालेल्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे कौशल्य हवं आणि क्लायंट टिकवणंही हवं. चुकलेल्या सेशननंतर २४ तासांत फोन कोण करणार, काय बोलणार, हे पहिल्या सत्रातच ठरवून सराव करून घ्या. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनं बॉर्डरलाइनसाठी तीन महिन्यांपेक्षा कमी थेरपी नको असं स्पष्ट म्हटलंय, तेव्हा १२ सेशन्सचं पॅकेज देऊ नका.

तुम्ही ३० धरा. चोवीसपर्यंत दर आठवड्याला, पुढची चार पंधरवड्यानं, शेवटची दोन महिन्यानं. सणवार, परीक्षा, चुकलेल्या भेटी धरून हे वर्षाच्या बाहेर जातं. आणि निरोपाच्या वेळी तीच जुनी धारणा सगळ्या ताकदीनं उठते, 'बघा, शेवटी तुम्हीही'. विसाव्या सेशनपासून तारखा कागदावर दिसायला हव्यात. म्हणून सुपरव्हिजनचं बुकिंग बारा नाही, पंधरा महिन्यांचं करा. नाहीतर हा भाग तुमचे प्रशिक्षणार्थी एकटे करतील.